अण्णाजींच्या तिसऱ्याला माझी साखर पडली

मला वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस आहे, आणि माझ्या सासरी त्याला ‘सूनबाईचं ते’ म्हणतात.

‘ते’ म्हणजे काय हे आधी सांगते, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही (आळशी बाईला शरीरही आळशीच मिळालं!), म्हणून जेवणाआधी सुई टोचून घ्यावी लागते. सुई घेतली की जेवायचं. सुई घेऊन जेवलं नाही, तर रक्तातली साखर धाडधाड खाली येते. मग घाम, थरथर, डोळ्यांना धारा, डोक्यात नुसता भुसा! तरीही गोड पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याच्या पुढचं मला बघायचं नाही.

तर देऊळघाटचे अण्णाजी वारले. माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. मी त्यांना दोनदाच भेटले होते. एकदा लग्नात, तेव्हा वाकून वाकून फक्त त्यांचे पाय दिसले. एकदा आमच्या वास्तुशांतीला, तेव्हा ते पंगतीत पाठमोरे बसले होते. चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो हार घातलेल्या फोटोत.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही बुलढाण्याहून निघालो. म्हणजे मी सुई घेतली, पोळीचे दोन घास पोटात गेले, आणि खालून हॉर्न सुरू!

“चाल वं लवकर! माणसं निघून जातीन!” संजय, म्हणजे माझा नवरा, ओरडला.

“अहो आई, माझं खाणं व्हायचंय,” मी सासूबाईंना म्हटलं.

“दोन घास खाल्ले नं? बस झाले. मयताच्या घरी काय ढेकर देत जाशीन?”

मी म्हटलं, ठीक आहे, पर्समध्ये ग्लुकोज आहे. देऊळघाटला उतरताना पर्स खांद्याला लावली, तर सासूबाईंनी डोळे मोठे केले.

“पर्स कायले? सांत्वनाले चालली का बाजाराले?”

पर्स गाडीतच राहिली. त्याच गाडीत संजयनं गल्लीतली चार म्हातारी माणसं कोंबली आणि गाडी निघाली स्मशानाकडे. माझं ग्लुकोज अण्णाजींची राख सावडायला गेलं, आणि मी बायकांच्या घोळक्यात बसले. पुरुष परत येईपर्यंत कोणी काही खायचं नाही, असा तिथला नियम.

घरात वेगळीच काळजी चालली होती. आत्याबाई, म्हणजे अण्णाजींची बायको, भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. तीन दिवसांत एक टिपूस नाही! शेजारच्या शांताबाई त्यांना रडवायची मोहीम हातात घेऊन बसल्या होत्या.

“रड वं बाई, रड! मनात ठेवशीन तं आजारी पडशीन!”

आत्याबाईंनी नुसता पदर सारखा केला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी सुरुवात करून द्यावी, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

ती सुरुवात मी केली.

आधी ओठ बधिर झाले. मग पाठीवरून घाम, हाताला कापरं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! मला बोलायचं होतं, पण जीभ जड झालेली. तोंडातून नुसतं ‘ऊं ऊं’ निघालं.

“पाहा!” शांताबाई कडाडल्या. “परक्या घरची पोर कशी रडून राह्यली! याले म्हणते माया!”

मी उठायला गेले, तोल गेला, आणि एका मावशीच्या गळ्यात पडले. मावशींना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी मला घट्ट धरून हंबरडा फोडला. मागून दुसरी आली, तिसरी आली. मला पाहिजे होती चमचाभर साखर, आणि मिळत होते खांदे!

सासूबाईंची मान ताठ झाली. “माह्या सुनेचं काळीजच तसं कोवळं आहे,” असं त्यांनी दोघींना ऐकवलंही. मग माझ्याजवळ येऊन पाठीवरून हात फिरवला. “पुरे कर बाई आता. डोळे दुखतीन.”

आणि मी सासूबाईंना म्हणाले, “ए, तू गप बस वं! मोठी शहाणी आली!”

हंबरडे जागच्या जागी थांबले. (हे आणि पुढचं बरंचसं मला नंतर सासूबाईंनी सांगितलं. त्या दर वेळी त्यात थोडी भर घालतात.)

सासूबाई रागावल्या असत्या तर माझी कथा तिथेच संपली असती. पण त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. लग्न झाल्यापासून मी ‘अहो आई’च्या खाली उतरले नव्हते. आज थेट ‘ए’वर आले, म्हणजे साखर कुठवर आली असेल, हे त्यांनी मशीन न लावता ओळखलं.

“माय माय माय! हिची शुगर पडली! साखर आणा वं कोणी!”

“शुगर आहे अन् साखर देता?” शांताबाई मध्ये आडव्या. “जीव घेता काय पोरीचा?”

“अवो, वाढली नाही, कमी झाली!”

“कमी झाली तं चांगलंच आहे नं! माह्या दिराची कमी व्हावी म्हणून आमी नवस बोललो!”

वाद पेटला. अर्ध्या बायका साखरेच्या बाजूच्या, अर्ध्या विरोधात, आणि मी मधे घामानं चिंब. तेवढ्यात शांताबाईंनी दारातला कडूलिंबाचा डहाळा उचलला. स्मशानातून आलेल्यांनी दारात पाला चावायचा असतो ना, त्यासाठी तो आणून ठेवला होता. त्यांनी मूठभर पाला ओरबाडला आणि माझ्या तोंडात कोंबला.

“चाव! शुगरले याच्यासारखं औषध नाही!”

मी चावला. इतकंच नाही, मी हात पुढे करून आणखी मागितला! साखर उतरली की भूक अशी लागते, की काहीही चालतं.

सासूबाई स्वयंपाकघरात धावल्या. तिथे आत्याबाईंची पुण्याची सून डबे उघडत होती, पण तिला त्या घरातलं आमच्याइतकंच माहीत! जिरं निघालं, मोहरी निघाली, तीन प्रकारच्या डाळी निघाल्या. शेवटी एका डब्यावर ठळक अक्षरांत ‘साखर’. झाकण काढलं तर आत मेथीदाणे! कोपऱ्यावरच्या दुकानाला कुलूप, कारण दुकानदार राख सावडायला. शांताबाईंच्या घरी साखर होती, पण घराची किल्ली शांताबाईंच्या कमरेला आणि शांताबाई माझ्यासमोर पाला घेऊन!

आता माझे पाय गेले. मी जमिनीवर आडवी झाले. वरचा एक पंखा दोन दिसायला लागला, मग तेही धूसर झाले. सासूबाईंचं ओरडणं लांबून ऐकू येत होतं आणि त्यांचा आवाज फाटला होता.

“माह्या पोरीले काही झालं नं, तं मी कोणालेच सोडणार नाही! साखर द्या वं बायांनो! पाया पडते!”

सासूबाईंनी मला ‘पोरी’ म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. धड शुद्धीत असते तर मीही रडले असते, खरंखुरं.

तेव्हा आत्याबाई उठल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जागा सोडायची नसते, “अवो बसा, बसा” असं दोघीतिघी म्हणाल्याही. त्यांनी ऐकलं नाही. आतल्या खोलीत जाऊन ज्वारीच्या कोठीचं झाकण सरकवलं, खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला आणि तळातून एक स्टीलचा डबा बाहेर ओढला. माझ्याजवळ बसून माझं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं साखर गालात भरायला लागल्या.

“चघळ. गिळ. हं, अजून घे. झोपू नको, पोरी.”

“आत्याबाई, शुगरवालीले...” शांताबाई म्हणाल्या.

“गप वं!” आत्याबाईंनी अण्णाजींच्या फोटोकडे मान उडवली. “यायलेही शुगर होती. अशीच पडे, तवा मी हेच देत होती!”

हळूहळू पंखे दोनाचे एक झाले. कानातली भुणभुण थांबली. आणि साखर वर यायला लागली की तिच्याआधी लाज वर येते! दातांत पाला, पदर कुठच्या कुठे, आणि सासूबाईंना काय बोलले ते आठवायला लागलेलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही. “जिवंत आहे नं, मंग काय पण बोल,” त्या नाक पुसत म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू!

आत्याबाई मात्र हातातल्या चमच्याकडे बघत होत्या.

“हा चमचा कोणी ठेवला डब्यात?”

त्यांनी डबा उजेडाला धरला.

“संक्रांतीले डबा गच्च भरून पुरला होता मी. यायच्या हाती लागू नाही म्हणून. अर्धा कसा झाला?”

सगळ्या बायकांच्या माना फोटोकडे वळल्या. अण्णाजी हारातून मंद हसत होते.

“चोट्टे कुठचे!” आत्याबाई फोटोला म्हणाल्या. “दर खेपेले म्हणे, तू बस, दळणाची ज्वारी मी काढतो, तुले वाकायचा तरास नको! अन् मी गावभर सांगत फिरली, माणूस म्हातारपणी सुधारला म्हणून!”

त्या हसायला लागल्या. हसता हसता चमचा छातीशी धरला, आणि मग जे रडू फुटलं, ते थांबेचना. माझं डोकं त्यांच्या मांडीवरच होतं, सगळे अश्रू माझ्या कपाळावर पडत होते. शांताबाईही रडल्या, सासूबाईही रडल्या, आणि रडता रडता मधेच कोणीतरी ‘चोट्टे’ म्हणे की सगळ्या पुन्हा हसत.

एवढ्यात पुरुष परत आले. दारात थबकले.

“पाला कुठं गेला?” संजयनं विचारलं.

“तुह्या बायकोनं खाल्ला,” सासूबाई म्हणाल्या.

आता ही गोष्ट मिटली, असं मला वाटलं होतं. पण पुढच्याच महिन्यात रोहिणखेडला सासूबाईंच्या चुलत भावाकडे सांत्वनाला जायचं झालं. मी भरपेट जेवले, मशीनवर साखर तपासली, पर्स मांडीवर घेऊन बसले. साखर उत्तम, तब्येत ठणठणीत, आणि डोळे ठार कोरडे! किती प्रयत्न केला, पण एक थेंब येईल तर शपथ. समोरच्या बायका कुजबुजायला लागल्या, “देऊळघाटले केवढी रडली होती, अन् इथं पाहा कशी बसली!”

सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. “काऊन वं,” त्या हळूच म्हणाल्या, “एक पोळी कमी खायाची नं!”

आणि खोटं कशाला सांगू, पुढच्या वेळी अर्धी कमी खाल्ली तर निदान डोळे तरी ओले होतील का, याचा मी तिथेच बसून हिशेब करत होते.