तात्यांचे दोन भाडेकरू

दवाखान्यातल्या सुनंदा सिस्टरांचं नाव आधी घेतो, बाकीचं मग. फोन त्यांचाच आला होता. मी साजगावला कारखान्यात, कामावर. "तात्या गेले रे... तुला मीच सांगावं असं वाटलं." मी तात्यांच्या नात्याचा कुणी नाही. कुंभिवलीत त्यांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. महिना होऊन गेला, पण दार उघडताना अजून "आलो हो तात्या" तोंडात येतं.

आठवीतून शाळा सोडून किनवटकडून इकडं आलो, तेव्हा एकट्या पोराला कुणी खोली देईना. तात्या ओसरीवर बसलेले. "जेवलास का रं?" हे आधी विचारलं, नाव मागनं. काकी वारलेल्या, मूलबाळ नाही. त्या दिवसापासून घरात दोन ताटं वाढली जाऊ लागली.

त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नीट झालं, पण नंतर किडन्यांनी काम सोडलं. लघवीची पिशवी भरते का, एवढंच मी बघत बसायचो. गाववाले टेंपो करून भेटायला आले, ते शहाळी घेऊन. आजाऱ्याला शहाळं न्यायचं, आपली रीतच. सिस्टर धावत आल्या. "किडनी बंद असताना शहाळ्यातलं पोटॅशियम अंगात साठतं, हृदयाला घातक आहे, एक घोटसुद्धा नको!" तात्या मला म्हणाले, "तूच पी पोरा, माज्या नावानं."

मग डॉक्टरांनी एका नव्या इलाजाचं विचारलं. निरोगी दात्याच्या हाडातल्या मगजाच्या पेशी वाढवून शिरेतून सोडायच्या, किडनी सावरते का बघायचं. अजून चाचणीच चालली होती. कुणाला पेशी, कुणाला नुसतं सलाईन, आणि कुणाला काय ते डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. सिस्टरांनी बाकड्यावर माझ्या शेजारी बसून सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, नाही म्हटलं तरी चालतं हेसुद्धा. तात्या मात्र हसले. "म्हंजे कुनी परका माज्यात ऱ्हायला येनार? येऊ दे रं. तू बी आलासच की! ह्यो तरी भाडं वेळेवर दील."

बाटली टांगली. पुढं पिशवीत थोडी लघवी दिसली, मी काचेबाहेरून हात जोडले. मग परत... काही नाही. डायलिसिस चालू असतानाच गेले.

"सिस्टर, त्यांच्यात आलं होतं का हो कुणी?"

"मलाही माहीत नाही रे. पण त्यांच्यावरून जे कळेल त्याचा पुढच्या माणसाला उपयोग होईल."

आजही जेवताना हात दोन ताटं काढतो. एक पुसून परत ठेवतो.

सिस्टर, तुमचे उपकार मी कशानं फेडणार? शिक्षण नाही, पण हाडं धडधाकट आहेत. दाता लागेल त्या दिवशी फोन करा. मी येईन, कुणाच्या तरी अंगात राहायला.