धुऱ्यावरची कापशी

उंदीर अजून जिवंत होता. नर कापशी घारीच्या पंजाखाली त्याची शेपटी वळवळत होती आणि बाभळीच्या वाळक्या फांदीवरून मादी त्याला ओरडून बोलावत होती. तिनं तो उंदीर हवेतच घेतला, घरट्यात आणला, पायाखाली दाबला आणि आधी डोकं उपटलं. मग आतडी ओढून काढली. तीन पिल्लं चोची उघडून एकमेकांच्या अंगावर चढत होती. पांढऱ्या लोकरीचे गोळेच ते, पण तोंडं रक्तानं माखलेली.

बाभूळ दादाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं की आडवाटेला आमचं शेत लागतं. शेताच्या एका अंगाला काटेरी तारेचं कुंपण आहे आणि पलीकडे छोटी धावपट्टी. विमान चालवायला शिकणारी पोरं-पोरी तिथे दिवसभर वर-खाली करत असतात. मी बडनेऱ्याला रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसते. सुटी मिळाली की स्कूटरवर तिपाई आणि कॅमेरा बांधायचा आणि शेतात यायचं, हा माझा नेम.

खरं तर मला एकच फोटो हवा होता. माझा एक मावसभाऊ उरणला बंदरात कामाला आहे. त्यानं मला एकदा क्रेनवरच्या घरट्यात पिलांना मासा भरवणारी घार पाठवली होती, मागे डोंगराएवढं मालाचं जहाज. आमच्याकडे समुद्र नाही, पण विमान आहे, असं मी त्याला ऐटीत कळवलं होतं. भरवणारी कापशी आणि तिच्या मागे उठणारं विमान, एकाच चौकटीत. हिवाळाभर मी त्या फोटोच्या मागे होते.

दादाला त्या पाखरांचं कौतुक होतं, ते उंदरांपायी. हरभऱ्यात उंदरांनी बिळं केली होती. "दोन नोकर ठेवले मी, पगार घेत नाईत," असं तो सांगायचा. तसा तो गावात तापट म्हणून प्रसिद्ध. बैलावर हात उगारला म्हणून त्यानं एकदा एका गड्याला बांधावरून खाली ढकललं होतं. माझ्यावर मात्र त्यानं कधी आवाजही चढवला नव्हता.

पिल्लं वाढली तशी घरट्यातली मारामारी वाढली. मोठं पिल्लू धाकट्याच्या मानेवर चोच मारायचं. धाकटं डोकं खाली घालून पडून राहायचं आणि तेवढ्यात मोठं त्याचा घास घ्यायचं. आई मधे पडायची नाही. जे पुढे येईल त्याला भरवायची. धाकट्याच्या मानेवरची लोकर गेली, मग कातडी सोलली. एका सकाळी ते हललं नाही. आईनं त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं, त्याला उलटवलं, पायाखाली दाबलं आणि उंदीर फाडावा तसं फाडून उरलेल्या दोघांना भरवलं.

मी फोटो काढत राहिले. वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ते पाहिलं.

"हे पाहाले येता तुमी ताई, इतक्या दुरून?"

"वाईट वाटते का वहिनी?"

"वाईट काहून? फेकून तं नाई देल्लं तिनं," ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

त्यानंतरच्याच सुटीला ते झालं. ऊन नुकतं चढलं होतं. नर धावपट्टीच्या गवतावर एका जागी पंख मारत लटकला होता. खाली झेप घेतली, उंदीर घेऊन वर आला आणि बाभळीकडे वळला. त्याच वेळी एक विमान उठलं. मला कळलं की आता तो फोटो मिळणार. मादी घरट्याच्या काठावर, पिल्लं तोंड उघडून, नर येतोय आणि मागून विमान. मी बटण दाबून धरलं.

थोबाडीत मारावी तसा आवाज आला.

विमान एका अंगावर कललं, सावरलं, पुन्हा कललं आणि पट्टीच्या पुढच्या गवतात आदळलं. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीत रुतला, मातीची ढेकळं आमच्या हरभऱ्यापर्यंत उडाली. मग एक पंख वाकवून ते कुंपणाजवळ येऊन पडलं. आतून एक पोरगी किंचाळत होती.

दादा बांधावर गवत कापत होता. तो विळ्यासकट धावला. कुंपणाला कुठे फट आहे हे त्यानं पाहिलंच नाही, तारेवरूनच गेला. सदरा तारेला राहिला आणि छातीवर लांब ओरखडे उठले. मी मागून खालच्या तारा वर धरून सरपटत गेले. पेट्रोलचा वास इतका होता की डोळे चुरचुरत होते.

पोरगी एकटीच होती, विशीच्या आतबाहेरची. समोरची काच फुटून तुकडे तिच्या गालात आणि पापणीत रुतले होते. तिच्या मांडीवर पिसं, रक्त आणि कापशीचं अर्धं धड पडलं होतं. ती ते दोन्ही हातांनी झटकत होती आणि ते निघत नव्हतं. पट्टा अडकला होता. दादानं विळ्यानं तो कापला, तिला काखेत धरून बाहेर ओढलं आणि खांद्यावर टाकून पळाला. विमान पेटलं नाही. पण पेटणार, असं समजूनच आम्ही पळत होतो. मग पलीकडून माणसं आली, गाडी आली आणि तिला अमरावतीला घेऊन गेले. दादा काळ्या मातीत बसून राहिला. त्याच्या पाठीवर तिचं रक्त होतं. किती तरी वेळ त्यानं ते धुवू दिलं नाही.

चौकशी होईपर्यंत उड्डाणं बंद झाली. आकाश एकदम मोकळं पडलं.

बाभळीवर मादी दिवसभर नराला बोलावत होती. दुसऱ्या दिवशी बोलावणं थांबलं आणि ती स्वतः शिकारीला गेली. घरटं उघडं पडलं. कावळे कुठून तरी हे पाहतच होते. मी ढेकळं मारली, ओरडले, तिपाई आपटली. एक कावळा मला पाहून हलला की दुसरा मागून यायचा. मधल्या पिल्लाला त्यांनी पंखाला धरून काठावर ओढलं, तिथून खाली पाडलं आणि मी पोचेपर्यंत त्याचे डोळे फोडले होते. मादी उंदीर घेऊन आली. तिनं उंदीर टाकला आणि एका कावळ्याच्या पाठीवर अशी आदळली की दोघंही भुईवर लोळत गेले. तिच्या नखांत काळी पिसं राहिली. मग ती वर गेली आणि शेवटच्या पिल्लावर पंख पसरून बसली. उंदीर खालीच पडला होता.

त्या संध्याकाळी मी शेतातच राहिले. सकाळी उठले तर दादा कुऱ्हाड घेऊन धुऱ्याकडे निघाला होता.

"कुठं चालला?"

"बाभूळ तोडतो."

"पिल्लू आहे त्यात अजून."

"त्या पोरीचा डोळा राहीन का जाईन, माईत नाई कोणाले. उद्या दुसरी पोरगी आदळन. आपल्या झाडावरच्या पाखरानं."

"आता पाखरू एकच उरलं दादा. पिल्लू उडू दे, मंग तोड."

"तू ते कॅमेऱ्यातून पायलं. मी हातानं उचललं तिले."

मी जाऊन बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. त्यानं माझा दंड धरला आणि बाजूला फेकलं. मी काट्यांवर पडले. उठून कुऱ्हाडीचा दांडा धरला. तेव्हा त्यानं माझ्या कानाखाली मारली. लहानपणी सुद्धा ज्यानं मला बोट लावलं नव्हतं, त्या दादानं. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मी तिपाई उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली, सगळं बळ लावून. तो गुडघ्यावर आला. पुन्हा उचलली असती, मला ठाऊक आहे. पण तेवढ्यात मादी वरून आली आणि दादाच्या डोक्यावर पंजे मारून गेली. टाळूवरून रक्त त्याच्या भुवईत उतरलं. त्यानं हवेत कुऱ्हाड फिरवली, ती कोणालाच लागली नाही.

वहिनी घरातून धावत आली होती. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. मी तिपाई धरून, तो रक्तानं आंधळा.

"लाज वाटू द्या," ती नवऱ्याला म्हणाली, "बहीण आहे ते तुमची." मग माझ्याकडे वळली. "आन तुमी? मुंडकं फोडता का भावाचं?" तिनं दादाच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. "तिकडं इमानं बंद हायेत. पिल्लू उडालं का तोडा, मी सोता दोर धरतो. तोवर हे कुऱ्हाड मायापाशी राहीन."

आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. बडनेऱ्याला खिडकीत बसले तरी डावा कान दुखायचा. तिकीट मागणाऱ्याचं गाव दोनदा विचारावं लागायचं. सुटीला येत होते ती वहिनीशी बोलून, दादाच्या पाठीमागून धुऱ्यावर जात होते. तो दिवसभर बाभळीजवळच काहीतरी काम काढायचा. एकदा पाहिलं तर गोफण घेऊन कावळ्यांकडे दगड भिरकावत होता. मी दिसताच त्यानं गोफण खिशात कोंबली.

मग एके दुपारी ती पोरगी वडिलांबरोबर आली. गालावर टाक्यांची लाल रेघ, एका डोळ्यावर पट्टी. डोळा वाचला होता, हे तिनं आल्या आल्या सांगितलं. दादाच्या पाया पडायला वाकली, तर तो मागे सरकून भिंतीला टेकला.

चहा झाल्यावर तिनं मला विचारलं, "काकू, तुमच्याकडे फोटो आहे म्हणतात. त्या वेळचा."

मी तिच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी कॅमेरा आणला.

तो फोटो चांगला आला होता. हे लिहायला जड जातं, पण हिवाळाभर मला जसा हवा होता तसाच तो आला होता. तिनं तो मोठा करून पाहिला, एका डोळ्यानं, खूप वेळ.

"मला तो दिसलाच नव्हता," ती म्हणाली. "मला वाटत होतं की तो माझ्या अंगावर आला. पण हा तर माझ्याकडे बघतही नाहीये." मग बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे त्याच्या पायात?"

"उंदीर."

"कोणासाठी?"

दादा उठला. "चाल बेटा, दाखवतो," म्हणाला आणि तिला धुऱ्यावर घेऊन गेला. मी मागे राहिले. लांबून दिसत होतं, तो डोक्यावरची जखम तिला दाखवत होता आणि ती हसत होती, गाल ताणला की हात लावत. जाताना तिनं सांगितलं की सोमवारपासून उड्डाणं सुरू होणार आहेत. ती मात्र अजून महिनाभर तरी नाही. "भीती वाटते?" वहिनीनं विचारलं. "हो," ती म्हणाली.

सोमवार आला. पिल्लू उडालं नव्हतं. काठावर उभं राहून पंख फडफडवत होतं आणि पुन्हा आत बसत होतं. मी रजा टाकून आले होते. सकाळी पहिलं इंजिन सुरू झालं आणि मादी नेहमीसारखी गवताकडे निघाली. मी दादाकडे पाहिलं. तो वहिनीकडे कुऱ्हाड मागेल असं वाटलं.

त्यानं गोठ्यातून तेलाचा रिकामा डबा काढला आणि काठीनं बडवत कुंपणाकडे पळाला. जवारीवरची पाखरं हाकलतात तसा. मादी बिचकून आमच्या हरभऱ्यावर वळली. विमान उठलं, गेलं. दादा डबा बडवतच राहिला.

मी घरातून पितळी परात आणली आणि कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. विमान सुटायची वेळ झाली की आम्ही दोघं दोन टोकांनी बडवायचो. पलीकडचा चौकीदार आधी शिव्या द्यायचा, मग त्याला कळलं आणि विमान निघायच्या आधी तोच हात हलवायला लागला. दुपारपर्यंत माझे हात बधिर झाले. दादाच्या तळव्यातून रक्त आलं. मादीला आमच्याच शेतात उंदीर मिळत होते, पण उशिरा मिळत होते आणि पिल्लू भुकेनं ओरडत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. भुकेनंच असेल, त्या दुपारी आई समोरच्या तुरीवर उंदीर धरून बसली, घरट्यात आणलाच नाही, तेव्हा पिल्लू काठावरून सुटलं. आधी खाली पडल्यासारखं गेलं, मग पंख धरले. तुरीवर आपटलं, लटकलं, सावरलं. आईनं उंदीर दिला नाही, पुढे उडाली. ते मागून गेलं. अशी ती दोघं नाल्यापलीकडे गेली.

वहिनी कुऱ्हाड घेऊन आलीच. बोलली होती तशी तिनं दोर धरला. दादानं घाव घातले, मी फांद्या ओढल्या. बाभूळ वाईट आवाज करून पडली. घरटं फुटून त्यातून उंदरांचे केस, दात आणि कवट्या विखुरल्या. दादानं त्या पायानं मातीत लोटल्या.

दिवेलागणीला तो पडवीत बसला होता. डब्यानं सोललेल्या तळव्यात आता काटे मोडले होते. एका हातानं निघत नव्हते. मी सुई तापवून आणली आणि त्याचा हात मांडीवर घेतला.

"कान दुखते का अजून?" त्यानं विचारलं.

"दुखते."

"माया खांदा बी."

"हालू नको," मी म्हटलं आणि सुई आत घातली.