आत्याचं उलटं मशीन

आत्या माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी कॉलर. अर्धं आयुष्य उल्हासनगरात जीन्स शिवण्यात गेलेलं! माझ्या लग्नात तिने सासऱ्यांना पहिला प्रश्न काय विचारावा? "साईं, ही शिलाई कोणी मारली हो? उसवतेय." 'साईं' तिने तिथल्या सिंधी सेठकडून उचललं होतं आणि लहानथोर न बघता सगळ्यांना लावायची. सासरे आजही तिचं नाव काढलं की कॉलर चाचपतात.

कारखाना बंद पडला तेव्हा ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. मला बघवेना, म्हणून बदलापूरला शिरगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर तिला आणलं. दुसरी कोणी भजनी मंडळात रमली असती. हिने मागच्या गॅलरीत सुतारकाम मांडलं! कारण विचारलं तर म्हणे, "कापड अंगावर फाटतं गं. आता जरा टिकाऊ माल बनवू दे." महिन्याभरात तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला.

मग तिने राउटर आणलं, म्हणजे लाकडाच्या कडेला गोलाई काढणारं मशीन. हातात धरून चालवलं की थरथरायचं आणि कड वेडीवाकडी यायची. तेव्हा बाईंनी ठरवलं, मशीन टेबलाखाली उलटं टांगायचं, पातं तेवढं वर काढायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. टेबल कुठलं? शिलाई मशीनचंच, कारखान्यातून भंगारात निघालेलं! मशीन बसवायची खाच त्यात आयतीच होती. खाचेवर जाड ॲल्युमिनियमची प्लेट, मागे आधाराला सरळ फळी. मी टेबलाखाली उताणी पडून राउटर धरलेलं, वरून ती स्क्रू पिळतेय आणि तोंडाचा पट्टा चालूच. "हलू नकोस! धरायला ठेवलंय तुला, नाचायला नाही."

राउटरचा आवाज म्हणजे कानठळ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "दुपारची झोप नाही हो! हा कारखाना बंद करा." आत्या ताडकन उठली. "यंदा आपल्या गणपतीचं मखर मी करते, साईं. खोट निघाली तर मशीन विकते. मग घोरा खुशाल." त्या टेबलावर तिने अजून एक पट्टीसुद्धा काढली नव्हती. आणि हे काम सुटलं की बाई पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसणार, हे मला दिसत होतं.

पहिलीच पट्टी तिने डावीकडून घातली आणि सवयीने हात सैल सोडला. शिलाई मशीन कापड आपणच ओढून घेतं, आपण फक्त वळवायचं. इथेही लाकूड ओढलं गेलं, तशी ती खूश. "बघ, कसं घेतंय!" एवढं म्हणेपर्यंत पट्टी हातातून सुटून गॅलरीच्या जाळीवर धाडकन आपटली. बोटं वाचली, नशीब! मी बटण बंद केलं आणि रडायलाच लागले. आत्या मात्र पात्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "हे ओढायला लागलं की समजायचं, आपण चुकीच्या बाजूने आलो. ते नको म्हणतंय तिकडूनच ढकलायचं." खिशातला शिंप्याचा खडू काढून तिने टेबलावर उजवीकडून डावीकडे बाण काढला. ढकलायला लाकडी ठोकळा केला, त्याच्या खाली जुन्या चपलेचा रबर चिकटवला. "आणि एका घासात नाही, थोडं थोडं घ्यायचं."

पुढची पट्टी उजवीकडून गेली. आत्याने कडेवरून बोट फिरवलं आणि ओरडली, "लोण्यासारखी!" मी तिला मिठीच मारली. भुशाने माखलेली होती, तरी.

गणपती बसले. मखराच्या कमानीची किनार अशी, की सांध्यात नख शिरत नव्हतं. चेअरमननी चष्मा लावला, सगळ्या कडेवरून बोट फिरवलं. आरतीला जमलेली बिल्डिंग माना उंचावून बघत होती. "सापडली खोट?" आत्याने विचारलं. ते जरा खाकरले. "आमच्या देव्हाऱ्याला अशी किनार होईल का हो?"

आत्या कसली सोडते! "होईल की. पण आवाज होईल, साईं. दुपारचा."

"होऊ दे," चेअरमन म्हणाले, आणि अख्खी बिल्डिंग हसली.

त्यानंतर शिरगावातल्या कितीतरी देव्हाऱ्यांना आत्याची किनार लागली. ती शेवटपर्यंत कामात होती. ती गेली, दिवसकार्य झालं, आणि चेअरमन माझ्या दारात येऊन घुटमळले. म्हणाले, "दुपारी फार शांत वाटतं हो."

मी त्याच दुपारी मशीन सुरू केलं.