एक ते चार डॉक्टर झोपतात

सुधाकर गेल्याचं आम्हाला दीड तास उशिरा कळलं, कारण गावातल्या गयाबाई त्याला कोणाला उठवूच देत नव्हत्या. चारला दवाखाना उघडायचा. साडेपाच झाले तरी दार बंद, आणि काठी आडवी धरून ओट्यावर बसलेल्या गयाबाई पेशंटना परत पाठवत होत्या. फिरायला बोलवायला म्हणून मी गेलो आणि मागच्या दारानं आत शिरलो...

आम्ही शाळेतले दोस्त. मी गावात मास्तर झालो, तो पुण्यात डॉक्टर. थंडीत गुडघे धरायचे, घास हातात असताना फोन वाजायचा, म्हणून उतारवयात त्याला एखाद्या उबदार, निवांत गावी थोडीशी प्रॅक्टिस करायची होती. त्याला कुरुंद्याला आणण्याचं पाप माझं. इथं फारसं कोणी आजारी पडत नाही, असं मी चक्क खोटं बोललो. मला गप्पांना माणूस हवा होता. ऊब मात्र खरी निघाली. पहिल्याच मे महिन्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग त्यानं पाटी लावली : ‘एक ते चार दवाखाना बंद. डॉक्टर झोपतात.’ पुण्यात लोक पाटी वाचून परत गेले असते. इथं ते थांबले. एवढ्या लांबून आलेला माणूस झोपलाय, तर त्याची झोप राखायला नको? गयाबाई तर मेंढरं सुनेवर सोपवून रोज ओट्यावर बसू लागल्या. भाजीवाल्याचा भोंगा त्यांनी लांबूनच बंद करवला. पण येणाऱ्या प्रत्येकाला “सायेब झोपले हायत” हे त्या अशा आवाजात सांगत, की साहेब उठत. दार उघडून तो म्हणे, “मावशी, उठलो मी.”

“काहून? चार कुठं वाजले अजून?” म्हणून त्या त्याला पुन्हा आत पाठवत.

पुढच्या महिन्यात पुण्याला परत, असं तो मला दर रविवारी बजावायचा. एकदा खरंच गेला, मुलाकडे. विसाव्या दिवशी बॅग घेऊन हजर. तिथं दुपारी चिटपाखरू नसतं म्हणाला. मग झोपायचं होतंस की, मी म्हटलं.

“येत नाही रे झोप. बाहेर कोणी बसलेलं नसतं.” एवढं बोलून तो फडक्यानं पाटी पुसायला लागला. मी मनातून फार सुखावलो. त्याला मात्र ते कधी सांगितलं नाही.

तेराव्यानंतर गयाबाईंनी मला गाठलं. त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

“गुरुजी, म्या चारला उठवाया पायजे व्हतं का?”

वसमतहून आलेल्या डॉक्टरांचं म्हणणं, तो आडवा झाल्यावर थोड्याच वेळात गेला असणार. ते मी गयाबाईंना तीनदा समजावलं.

“म्हंजी त्या दिशी तरी म्या न्हाई उठवलं,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही रडता रडता हसलो.

काल घर रिकामं करायचं म्हणून पाटी काढायला गेलो. गयाबाई ओट्यावर होत्याच. खिळा ओढला तसा करकरला, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तीन वाजले होते. मी पाटी तशीच राहू दिली, आणि चपला हातात घेऊन ओट्यावरून खाली उतरलो.