लिऊ डॉक्टरले हासवाची सीडी

मी गफ्फार, बाभुळगावचा मोटारसायकल मेकॅनिक. माझ्या बाजूले चंद्रशेखर लिऊचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान. आडनाव ऐकून हासू नका. त्याचा बाप कलकत्त्याचा चिनी, कवळ्या बनवणारा; गाव त्याले डॉक्टरच म्हने. बासष्टच्या चीनच्या लढाईत सरकारनं त्याले राजस्थानच्या छावणीत कोंडलं. सुटल्यावर इकडं आला, इथलीच बायको केली, पोराचं नाव चंद्रशेखर ठेवलं आन् आपल्या चिनी बोलीचं त्याले एक अक्षर शिकवलं नाई. छावणीचं विचारलं की उठून जाये.

डॉक्टरले हासताना कोनी पाह्यलं नव्हतं, पोरानंही नाई. हेच पोराच्या जिवाले लागलं होतं.

दोन हजार सहाच्या त्या सालात कापसाले भाव नाई, लग्नं लांबलेली, कॅमेरा पडून. चंद्रशेखर म्हने, बाबावर कॉमेडी सीडी काढू, बाबा एक डाव हासला पाह्यजे. मी म्हटलं, डोकं फिरलं काय तुयं? पन तो ऐकते थोडाच! बाप मलेच बनवलं. चिकटपट्टीनं माझे डोळे ताणले, आन् जमलं का ते आरशात सोताच्या डोळ्याशी ताडून पाहे.

सीडी तयार झाल्यावर दुकानासमोर पडदा लावला. सासूची कवळी सुनेले बसते, तिथं लोकं लोटपोट. डॉक्टर गप. मंग पोलीस मले चिनी हेर समजून पकडते, हातात नंबरची पाटी देऊन फोटो काढते. लोकं अजून हासले. डॉक्टर उठून घरी गेला.

आम्ही मागं धावलो. म्हातारा खाटेवर बसला होता.

"मले अशीच पाटी देल्ली होती," तो म्हने. "तुले कोनं सांगितलं?"

कोनीच नाई. चंद्रशेखरनं ते हासासाठी मनानंच जुळवलं होतं. तो पोरगा बापाच्या पाया पडून रडला.

डॉक्टरनं त्याले उठवलं. मंग म्हने, कॅमेरा लाव. आन् आम्हाले दुकानावर धाडून कॅमेऱ्यापुढं एकटाच चिनीत बोलत राह्यला, कॅसेट संपेपर्यंत. आम्ही परत आलो तं डोळे पुसत होता. विचारलं तर म्हने, मराठीत नाई निघत माझ्यानं.

त्याच हिवाळ्यात डॉक्टर गेला. माती दिल्यावर आम्ही कॅसेट लावली. अर्ध्यात म्हातारा बोलता बोलता थांबते, मांडीवर थाप मारते आन् खदखदून हासते. पार डोळ्यात पानी येईपर्यंत.

चंद्रशेखरनं ती जागा पुन्हा पुन्हा लावली.

"गफ्फारभाई," तो म्हने, "बाबा कायले हासला असन?"

अख्ख्या जिल्ह्यात ते चिनी समजून सांगनारं कोनी नव्हतं.