व्याह्यांनी दिलेली लिंक

आपल्या दारात आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात पोचवून धन्य होणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझं विश्रांतवाडीला पाण्याच्या पंपांचं दुकान. जळालेल्या मोटारींचं वायंडिंग हाताने भरत भरत उभं केलेलं. आलेलं गिऱ्हाईक रिकामं परत जाऊ द्यायचं नाही, हा माझा धर्म. नारायण पेठेतले आमचे व्याही याच्या बरोब्बर उलट. त्यांना नुसता मंडईचा रस्ता विचारला, तरी पडवळ कोणत्या गाळ्यावर घ्यायचं आणि कोणत्या गाळ्याकडे बघायचंसुद्धा नाही, हे सांगितल्यावरच माणसाला सोडायचे.

निवृत्त झाल्यावर, घरोघरी इंटरनेट येऊ लागलं तेव्हा, त्यांनी या खोडीचीच वेबसाइट केली. पुण्यात काय कुठे चांगलं मिळतं याची डिरेक्टरी. दुकानाचं नाव, एका ओळीचा शेरा आणि त्या दुकानाच्या वेबसाइटची लिंक. आलेल्याला बाहेर पाठवायचं, एवढंच त्या पानाचं काम. पारखल्याशिवाय मात्र कोणाला आत घ्यायचे नाहीत. एका छत्रीवाल्याची छत्री त्यांनी अख्खा पावसाळा वापरली आणि दसऱ्याला त्याला लिंक दिली. तेव्हा सर्च इंजिनंही अशा डिरेक्टऱ्यांना मान देत. व्याह्यांनी नाव घातलं की दुकान शोधात वर चढायचं.

म्हणून मीही लिंक मागितली. ज्या घरात मुलगी दिली, तिथून एवढं मिळू नये?

"अहो, नातं आपलं आहे, पंपाचं नाही," ते म्हणाले. आणि माझ्याच चौकातल्या दुसऱ्या पंपवाल्याला आधी घेतलं. पुढचे दोन गणपती मी त्यांच्याकडे जेवलो नाही. मग त्यांच्या सोसायटीची मोटार जळली, तिथे माझा पंप बसला, एक उन्हाळा त्यांनी तो कान लावून ऐकला, आणि माझं नाव आलं. शेरा होता: 'पंप खात्रीचे. मालक तापट. भाव आधी ठरवून घ्यावा.'

मी तिथल्या तिथे फोन केला. "ते तापट काढा आधी."

"काढलं असतं," ते शांतपणे म्हणाले. "पण आपण ओरडताय."

पुढे लिंका विकणाऱ्या डिरेक्टऱ्यांचं पेव फुटलं. सर्च इंजिनांनी मग खरे-खोटे सगळे एकाच मापाने मोजले. ज्या पानावर बाहेर जाणाऱ्या लिंकांखेरीज काही नाही ते फालतू ठरलं, आणि व्याह्यांची वेबसाइट शोधात दिसेनाशी झाली. माझे जावई आयटीत. ते वडिलांना म्हणाले, "बाबा, प्रत्येक लिंकला एक टॅग लावू. म्हणजे सर्च इंजिनला कळेल की आपण याची शिफारस करत नाही, आणि लिंका विकल्याचा संशय जाईल."

"शिफारस नाही तर नाव कशाला घालू?" व्याही म्हणाले. "दारापर्यंत सोडायचं आणि वर म्हणायचं, मी यांना ओळखत नाही?"

टॅग लागला नाही. थोड्याच दिवसांत माझी वेबसाइट सांभाळणाऱ्याने मला सांगितलं, "साहेब, असल्या डिरेक्टरीतली लिंक आता तुम्हालाही खाली ओढेल. काढायला सांगा." धंदा तो धंदा. मी नारायण पेठ गाठली.

व्याही कॉम्प्युटरपुढेच होते. मागे वळले नाहीत. "बसा. आपणही काढायलाच आलात ना? हल्ली सगळे त्यासाठीच येतात. छत्रीवाल्याचं आत्ताच काढलं."

छत्री दारामागे टांगलेली होती. व्याह्यांचा हात माउसवर होता, पण हलत नव्हता.

मी जन्मभर घासाघीस करत आलो. रिकाम्या हाताने उठायची सवय नाही. म्हटलं, "काढायचंच असेल तर तेवढं 'तापट' काढा. बाकीचं राहू द्या."

"शेरा बदलत नाही मी."

"मग राहू दे सगळंच."

त्यांनी माउसवरचा हात काढला. मग आत वळून विहीणबाईंना म्हणाले, "अहो, व्याह्यांना चहा टाका. साखर जास्त."

कधीकधी कोणी गिऱ्हाईक दारातच विचारायचं, "तापट मालक ते आपणच का?" मी भडकायचो, आणि त्याची खात्री पटायची. आता व्याही नाहीत, ते पानही उघडत नाही. लोक मोबाइलवर रेटिंगच्या चांदण्या मोजून येतात आणि मी कसा आहे हे कोणाला आधी ठाऊक नसतं. तो शेरा अन्यायाचा होता, असं माझं आजही म्हणणं आहे. पण ते ऐकून घ्यायला नारायण पेठेत आता कोणी नाही.