लाकडी मुठीखालचा नंबर

आमच्या टार्निटच्या घरात मोठं टेबल एकच, आणि लॉकडाऊनमध्ये त्यावर माझ्या नवऱ्याची, पद्माकरची, रिव्हॉल्व्हर्स पसरलेल्या. खऱ्या नव्हेत हो, नुसते फोटो! पण पोळ्या लाटायला जागा नाही म्हणजे नाही.

पुण्यात असताना पद्माकर कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होता. इथे परदेशात आल्यावर मिळेल ते करता करता जुन्या हत्यारांची ओळख पटवून देणाऱ्या एका छोट्या फर्मला चिकटला. कोटाखाली लपवून बाळगायची ती आखूड, पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हर असते ना, ती वर्षानुवर्षं जवळजवळ तशीच बनत राहते. मध्येच एक स्क्रू कमी होतो, कुठे खटक्याचा आकार बदलतो. त्यावरून हा सांगणार, ही कधीची. स्वभावही अगदी तसाच. 'साधारण' हा शब्द त्याला चालत नाही. आमटी साधारण बरी झालीय, एवढंसुद्धा कधी तोंडातून निघायचं नाही.

वीस सालचा तो हिवाळा. रात्री कर्फ्यू, दिवसा पाच किलोमीटरची वेस. मी सकाळपासून हेडसेट लावून इन्शुरन्सच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची, आणि समोर हा भिंग घेऊन स्क्रू मोजायचा. अक्षरशः वीट आला होता.

त्यात कॉरलबाईंचं प्रकरण आलं. दूर बेंडिगो गावाच्या पलीकडे कुठेतरी राहायच्या. नवरा रॉन कोविडने हॉस्पिटलमध्येच वारला, यांना भेटूही दिलं नाही. त्याची रिव्हॉल्व्हर तेवढी त्यांना घरात ठेवायची होती. त्यांचा परवाना जुनी हत्यारं जमवणाऱ्यांचा, त्यावर सत्तेचाळीसच्या आधीचीच हत्यारं चालत. तिच्यावरच्या नंबरावरून ती त्याआधीचीच ठरत होती, रॉनच्या नावाची नोंदही तशीच. पद्माकरच्या सहीचाच प्रश्न होता.

"हा नंबर खरा नाही," पद्माकर म्हणाला.

"म्हणजे?"

"सिलिंडर बाहेर काढल्यावर आत दिसतो ना, तो वाचलाय. तो कारखान्यात भाग जुळवताना टाकतात. खरा मुठीच्या तळाशी असतो. कुणीतरी नंतर ही मोठी लाकडी मूठ बसवली, त्याखाली तो झाकला गेला. आणि जुन्यांना वर एक पाचवा स्क्रू असायचा, पुढे तो काढला. फोटोत नेमका त्या जागी बाईंचा अंगठा आलाय."

"अरे, पण इतकी वर्षं सगळ्यांना चाललं ना? कशाला उकरतोस? बाईचा नवरा आत्ता गेलाय रे!"

"मग सही कशाखाली करू?"

डोकंच फिरलं माझं. पण ऐकेल तर तो पद्माकर कसला! लावला व्हिडिओ कॉल.

बाई सत्तरीच्या, अंगात रॉनचाच असावा असा ढगळ स्वेटर. पद्माकरने आधी सिलिंडर उघडून रिकामं असल्याचं दाखवायला सांगितलं. मग बाईंनी शेडमधून स्क्रू-ड्रायव्हर आणला. स्क्रू फिरवता फिरवता तोंड चालू. ही रॉनच्या वडिलांची, महायुद्धात कोटाखाली बाळगलेली. रॉन दर ख्रिसमसला ती गोष्ट सांगायचा, आणि दर वर्षी त्यात एक शत्रू वाढायचा.

मूठ निघाली. बाईंनी तळाचा नंबर वाचला, तो निराळाच निघाला. मग पद्माकरच्या सांगण्यावरून उजवी बाजू कॅमेऱ्यासमोर धरली, अंगठा बाजूला घेतला. पाचवा स्क्रू नव्हताच, त्याच्यासाठी भोकही नव्हतं.

पद्माकरने टेबलावरचे फोटो बाजूला सारले. मग हळू आवाजात म्हणाला, "सॉरी, कॉरल. ही पंचावन्नच्या नंतर बनलेली आहे. तुम्हाला ती ठेवता येणार नाही."

"पंचावन्न? युद्ध तर केव्हाच संपलं होतं."

"हो."

मी मागे लाटणं घेऊन उभी. कॉल संपला की याला असा सोलून काढणार होते! काय मिळवलंस? बाईची वस्तूही गेली आणि गोष्टही गेली.

आणि कॉरलबाई हसायला लागल्या. चांगल्या खदाखदा. "रॉन थापाड्या होता हे मला ठाऊकच होतं, मित्रा. फक्त कधी पकडता आलं नाही."

मग हसू थांबलं. हातात ती काढलेली लाकडी मूठ तशीच.

"आता पकडलाय," त्या म्हणाल्या, "तर झापू कुणाला?"

मी लाटणं खाली ठेवलं. पद्माकरनेही कॉल बंद केला नाही. रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमाच करायची होती, तरी बाई लाकडी मूठ पुन्हा नीट बसवत राहिल्या, आणि हा त्यांना कुठला स्क्रू आधी लावायचा ते सांगत बसला.